बॅटरी पेटंटांची देशवार तुलना

विद्युत वाहनांच्या बॅटरीत कोणता देश किती आणि कोणत्या अंगाने नवे शोध लावतो, हे पेटंट अर्जांवरून ताडण्याची पद्धत. अर्ज मोजणे सोपे. नेमके काय मोजायचे हे ठरवणे अवघड, आणि बहुतेक चुका तिथेच होतात.

एकाच शोधासाठी जपान, अमेरिका, चीन आणि भारतात अर्ज केले, तरी ते चार शोध नव्हेत. त्या सर्वांचे एक ‘पेटंट कुटुंब’ धरून ते पहिल्या अर्जाच्या वर्षात मांडतात. देश संशोधकाच्या पत्त्यावरून घ्यावा. मुख्यालयावरून घेतला, तर कोरियन कंपनीच्या भारतातील प्रयोगशाळेचे काम कोरियाच्या खात्यात पडते. तीन संशोधकांपैकी दोन कोरियात आणि एक भारतात असेल, तर २/३ आणि १/३ असे वाटे करतात.

चीनमधील ‘युटिलिटी मॉडेल’ (पेटंटाचा हलका प्रकार) सखोल तपासणीविना मिळते आणि १० वर्षे टिकते. ते पेटंटांत मिसळले की आकडा फुगतो. म्हणून निदान दोन देशांत अर्ज झालेलीच कुटुंबे घेतात. युरोपीय पेटंट कार्यालय आणि आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था यांच्या २०२० च्या अहवालात याच मापाने २०१४–१८ मधील लिथियम-आयन शोधांपैकी सुमारे ४० टक्के जपानचे ठरले. मात्र या चाळणीत घरच्या बाजारापुरते काम करणारा देश मागे दिसतो. लिथियम लोह फॉस्फेट या बॅटरीतील रसायनाचे उदाहरण बोलके आहे: मूळ शोध अमेरिकेत, टेक्सास विद्यापीठातील जॉन गुडइनफ यांच्या गटाचा, कारखानदारी वाढली ती चीनमध्ये. शोध कुठे लागला ते पेटंट सांगते, माल कुठे तयार होतो ते सांगत नाही.

पेटंटांना विषयानुसार सांकेतिक वर्ग दिलेले असतात. शोध घेताना केवळ एच०१एम हा बॅटरीचा वर्ग पाहणे ही नेहमीची चूक. कॅथोडसाठी (बॅटरीच्या धन टोकासाठी) लागणारी फॉस्फेट संयुगे सी०१बी २५/४५ मध्ये असतात आणि जुन्या बॅटरीतून धातू काढण्याच्या रीती सी२२बी मध्येही सापडतात. रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे-परशुरामसारख्या रासायनिक वसाहतीतून उद्या असा अर्ज झाला, तर तो एच०१एममध्ये दिसेलच असे नाही.

कोकणासाठी एकूण बेरजेपेक्षा उपवर्गांची तुलना मोलाची. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिमीहून जास्त पाऊस पडतो. खाऱ्या, दमट हवेत जोडण्या गंजतात. इथे बी६०एल ५८/२६ (बॅटरी थंड ठेवणे) आणि एच०१एम ५० (पेटी, झाकण, जोडण्या) पाहावेत. थंडीत बॅटरी तापवण्याचा ५८/२७ आपल्याला फारसा उपयोगाचा नाही. तो थंडीच्या देशांचा.

भारतात अर्ज साधारणपणे १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. आंतरराष्ट्रीय मार्गाने (पीसीटी या पेटंट कराराखाली) येणाऱ्याला भारतात दाखल होण्यास ३१ महिन्यांची मुदत असते. त्यामुळे गेल्या दोन-तीन वर्षांचा आलेख उतरताना दिसतो. ती घसरण नव्हे, अपुरी नोंद असते. ती वर्षे गाळावीत.

मुंबई पेटंट कार्यालयातील अर्ज म्हणजे महाराष्ट्राचे संशोधन, हा समजही चुकीचा. परदेशी अर्जदाराचा भारतातील पत्रव्यवहाराचा पत्ता मुंबईचा असला, तरी त्याचा अर्ज तिथेच येतो. कोकणातील संशोधक वेचायचे तर पूर्ण सहा अंकी पिनकोड घ्यावा: ४१५ ने सातारा आणि रत्नागिरी दोन्ही सुरू होतात, तर ४१६ ने कोल्हापूर आणि सिंधुदुर्ग.