झाडीपट्टीचं नाटक बघायला येताय? आधी गाव विचारा, मग तिकीट काढा

आम्ही गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाहून लोकांना गाडीने नाटकाला नेतो, आणि दिवाळी झाली की आमचा फोन सुरू होतो. पुण्याहून, मुंबईहून, नागपूरहून मंडळी विचारतात, "आम्ही शनिवारी वडशाला येतोय, झाडीपट्टीचं नाटक बघायचंय, थिएटर स्टेशनपासून किती लांब आहे?" सीझनमध्ये हा प्रश्न इतक्या वेळा येतो की शेवटी हे पत्रक छापूनच घेतलं. बुकिंग करणाऱ्या प्रत्येकाला व्हॉट्सअॅपवर पण पाठवतो, पाच मिनिटं काढून पूर्ण वाचा ही विनंती.

तर वडशाला तुम्ही समजता तसं थिएटर नाही. वडशात आहेत ती नाटक कंपन्यांची ऑफिसं, एकाला लागून एक, बाहेर मोठाले रंगीत बोर्ड, आत टेबलावर तारखांची वही. गावोगावची मंडळं तिथे येतात, नाटक ठरवतात, तारीख घेतात, अॅडव्हान्स देतात आणि जातात. प्रयोग होतो तो त्यांच्या गावात, म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या झाडीपट्टीच्या चार जिल्ह्यांत कुठेही, वडशापासून कधी १० किलोमीटर तर कधी ७०. धान निघालेल्या बांधीत, म्हणजे शेतात, नाहीतर शाळेच्या पटांगणात कनात लागते, स्टेज उभा राहतो, रात्रभर नाटक होतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तिथे परत मोकळी जागा असते. त्यामुळे "वडशाला नाटक आहे का" असं विचारू नका, "अमुक तारखेला कुठल्या गावात कुठलं नाटक आहे" असं विचारा. (आणि हो, देसाईगंज आणि वडसा एकच, सरकारी कागदावर देसाईगंज, रेल्वेच्या पाटीवर वडसा, तिकीट काढताना वडसाच शोधा.)

आता खरी गडबड कुठे होते ते सांगतो, कारण यात लोकांची अख्खी रात्र वाया जाते आणि आमचीही. पोस्टरवर गावाचं नाव बघून लोक मोबाईलच्या मॅपवर टाकतात आणि निघतात. झाडीत एकाच नावाची गावं किती आहेत याची बाहेरच्या माणसाला कल्पनाच नसते. चिखली किती, मेंढा किती, मोजत बसलं तर सकाळ होईल. गेल्या वर्षी एक चौघांचं कुटुंब स्वतःच्या गाडीने आलं, नाटक होतं चंद्रपूर जिल्ह्यातल्या मेंढ्याला आणि मॅपने त्यांना नेलं धानोरा तालुक्यातल्या लेखा-मेंढ्याला. गाव खूप नावाजलेलं, पण त्या रात्री तिथे नाटक नव्हतं. रात्री ११ ला आम्हाला फोन, सोबत म्हातारी आई, बाहेर कडाक्याची थंडी. आमच्या ड्रायव्हरने फोनवरच वाट सांगून त्यांना वडशाला आणलं, पण नाटक ते नाटक, राहिलंच. म्हणून गाव, तालुका आणि नाटक ठरवणाऱ्या मंडळाचं नाव, या तीन गोष्टी जुळल्याशिवाय निघू नका. आमच्याकडे बुकिंग केलंत तर आम्ही त्या दिवशी दुपारी मंडळाला स्वतः फोन करून खात्री करतो, तारीख पुढे गेली का, पाहुणा कलाकार बदलला का, सगळं विचारतो, आणि मगच तुम्हाला गाडीत बसवतो.

दुसरी तक्रार वेळेची. पोस्टरवर रात्री ९ लिहिलेलं असतं आणि पडदा उघडतो साडेदहा-अकराला. याचं कारण आधी उद्घाटन असतं. सरपंच, आमदार, गावातली जाणती माणसं, सगळ्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो, भाषणं होतात. शहरातल्या लोकांना वाटतं उशीर झाला, पण गावासाठी तो कार्यक्रमाचाच भाग आहे. हे नाटक गावाने उभं केलेलं असतं, तिकिटातून उरलेला पैसा देवळाला, शाळेला लागतो, लेकी-जावई, पाव्हणे घरी आलेले असतात, कितीतरी सोयरिकी याच रात्री जुळतात. म्हणून आम्ही तुम्हाला साडेनऊपर्यंत पोचवतो, घाई करत नाही. तोवर चहा घ्या, भजी खा, गाव बघा.

आणि संपतं कधी? पहाटे ४, कधी ५. इथे आमचा एक नियम आहे ज्यावरून लोक आमच्यावर नाराज होतात, तो स्पष्टच सांगतो. आम्ही मध्यरात्री परत आणत नाही. गाडी रात्रभराची, भाडं रात्रभराचं. "आम्ही १ वाजता निघू, अर्धे पैसे घ्या" असं म्हणू नका. एक तर रस्ते जंगलातले. वडसा आणि ब्रह्मपुरी या दोन्ही वन विभागांत वाघ आहेत, माणसांवर हल्ले झालेले आहेत, हे पेपरात तुम्ही वाचलं असेलच, शिवाय रानडुकरं आडवी येतात आणि डिसेंबर-जानेवारीत धुकं. रात्री २ वाजता पेंगुळलेल्या ड्रायव्हरच्या हाती तुमची लेकरं द्यायची आमची तयारी नाही. आमचा ड्रायव्हर तुम्ही नाटक बघता तेव्हा गाडीत झोपतो, उजाडताना ताजा असतो. दुसरं म्हणजे खरं नाटक १२ नंतरच रंगतं. सुरुवातीचे प्रवेश ओळखपाळखीचे, मधे मधे लावणी, शिट्ट्या, वन्स मोअर, आणि मग अडीच-तीनला कथा अशी वळते की शेजारी पोतं अंथरून बसलेली आजी पदराने डोळे पुसत असते आणि मांडीवरचं नातवंड कधीच झोपलेलं असतं. ते न बघता जाणं म्हणजे जेवायला येऊन पाणी पिऊन जाणं झालं.

पुण्या-मुंबईचं नाटक मनात ठेवून येऊ नका. इथे संवाद मोठ्याने, कारण मागे शेवटच्या माणसापर्यंत पोचायचं असतं. स्टेजसमोर ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड लाइव्ह वाजतं, रेकॉर्डेड काही नाही. विनोदी पात्र झाडीबोलीत बोलतं, थोडं कळणार नाही, शेजाऱ्याला विचारा, आनंदाने सांगतील. विंगेत बारीक उजेडात वही धरून प्रॉम्प्टर बसलेला असतो, कधी त्याचा आवाजही येतो, त्याला हसू नका, नाटक दरवर्षी नवं, तालमीला वेळ कमी आणि पाठोपाठच्या रात्री प्रयोग, तरी हे लोक उभे राहतात. ही परंपरा दंडार, खडी गंमत या इथल्या जुन्या लोकनाट्यांतून आलेली आहे आणि २०२३ मध्ये झाडीपट्टीचे कलाकार, गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या ऑफिसात आम्ही पेढे वाटले.

कधी यावं असं विचाराल तर, दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावोगावच्या जत्रांच्या, दिवसांत गर्दी, जत्रा, मजा जास्त. पण नाटक चांगलं बघायचं असेल तर आमचं मत जानेवारी. तोवर तेच नाटक कलाकारांच्या अंगात मुरलेलं असतं, आवाज बसलेले असतात ते वेगळं, पण प्रॉम्प्टरचं काम कमी झालेलं असतं. जिथे शंकरपट असतो ते गाव मिळालं तर दुपारीच चला, बैलांची शर्यत पण बघून होईल. शर्यतींवर बंदी होती त्या काळात गावं सुनी वाटायची, आता परत रंगत आलीये. होळीच्या आसपास सीझन आटोपतो, नंतर फोन करून उपयोग नाही.

बसायला खुर्ची घ्यायची की जमिनीवर, हे तिथे ठरवा, तिकीट मंडळाच्या खिडकीवरच काढायचं, आम्ही त्यात एक रुपयाही लावत नाही. पाठीचा त्रास असेल तर खुर्ची. स्वेटर, कानटोपी आणा, ब्लँकेट आम्ही देतो, धुतलेली असतात. मोबाईलवर अख्खं नाटक शूट करू नका, कंपनीला ते आवडत नाही आणि मागच्याला तुमच्या स्क्रीनचा त्रास होतो. एखादा फोटो चालतो. कलाकारांना भेटायचं असेल तर नाटक संपल्यावर, मेकअप उतरवताना, मधल्या वेळात नाही. मंडळाच्या पोरांना "छान झालं जी" एवढं म्हटलं तरी पुढच्या वर्षीचं जेवणाचं आमंत्रण पक्कं.

ट्रेनने येणाऱ्यांनी परतीचं तिकीट सकाळी ९ च्या आधीचं काढू नका, नाटक लांबतं, मग तुम्ही घड्याळ बघत बसता आणि आम्ही गाडी दामटत बसतो. वडशाला पोचल्यावर आमच्याकडे अंघोळीला गरम पाणी आणि पोह्यांची सोय आहे, ते भाड्यातच धरलंय. अवकाळी पावसाने प्रयोग रद्द झाला तर गाडीचे पूर्ण पैसे परत, किंवा त्याच रात्री दुसऱ्या गावात नाटक असेल तर तिथे नेतो, जास्तीचे पैसे न घेता. फक्त निघायच्या आदल्या दिवशी एक फोन करा आणि गाव, तालुका आमच्याकडून परत एकदा ऐकून घ्या.