४ जुलै (अमेरिकेच्या इतिहासात)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा स्वातंत्र्यदिन. याच तारखेला त्या देशात इतरही अनेक ठळक घटना घडल्या. त्यांतल्या काही योगायोगाने घडल्या, तर बऱ्याचशा मुहूर्त धरून घडवून आणल्या गेल्या.

खरे तर ब्रिटनपासून फारकत घेण्याचा ठराव फिलाडेल्फियातील कॉन्टिनेंटल काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, २ जुलै १७७६ रोजीच मंजूर केला होता. दुसऱ्या दिवशी या सभेचे सदस्य (आणि पुढे देशाचे अध्यक्ष झालेले) जॉन ॲडम्स यांनी पत्नी ॲबिगेल यांना लिहिले, की पुढच्या पिढ्या २ जुलै हा दिवस मिरवणुका, खेळ, तोफा, घंटा आणि रोषणाईने साजरा करतील. थाटाचा अंदाज बरोबर निघाला, तारीख तेवढी चुकली. ४ जुलैला स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मसुदा संमत झाला आणि त्याच रात्री जॉन डनलॅप यांच्या छापखान्यात त्याच्या प्रती निघाल्या. गावोगावी पोचलेल्या या कागदांवर ४ जुलै छापलेले होते, आणि तेच लोकांच्या लक्षात राहिले. बहुतेक सह्या तर थेट २ ऑगस्टला झाल्या. मसुद्याचे मुख्य लेखक टॉमस जेफरसन (पुढे तेही अध्यक्ष झाले) यांच्या टिपणवहीत ४ जुलैला थर्मामीटरची किंमत आणि बायकांच्या हातमोज्यांच्या सात जोडांचा खर्च मांडलेला आहे. दुपारी एकचे तापमान त्यांनी ७६ अंश फॅरनहाइट नोंदवले. जुलैच्या मानाने हवा बरी होती म्हणायची.

योगायोग म्हणावा तो १८२६चा. ॲडम्स आणि जेफरसन आधी मित्र, पुढे राजकारणात कट्टर विरोधक. १८०० च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीनंतर त्यांचे बोलणेच तुटले होते. दोघांचे मित्र बेंजामिन रश यांच्या मध्यस्थीने १८१२ मध्ये पत्रव्यवहार पुन्हा सुरू झाला आणि अखेरपर्यंत चालला. जाहीरनाम्याला पन्नास वर्षे पुरी झाली त्याच दिवशी, ४ जुलै १८२६ रोजी, दोघेही वारले. व्हर्जिनियात माँटिचेलो येथे अंथरुणाला खिळलेले ८३ वर्षांचे जेफरसन आदल्या रात्री ‘चार तारीख उजाडली का?’ असे विचारत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचे प्राण गेले. मॅसॅच्युसेट्समधील क्विन्सी येथे नव्वदीचे ॲडम्स ‘जेफरसन अजून आहेत’ अशा अर्थाचे काही पुटपुटले, असे सांगतात. बातमी घोड्यावरून जाण्याचा तो काळ. जेफरसन काही तासांपूर्वीच गेल्याचे ॲडम्सना कळणे शक्यच नव्हते. त्या वेळी अध्यक्षपदी ॲडम्स यांचेच पुत्र जॉन क्विन्सी ॲडम्स होते आणि त्यांना यात ईश्वरी संकेत दिसला. आणखी पाच वर्षांनी माजी अध्यक्ष जेम्स मन्रो यांचेही याच तारखेला निधन झाले.

मुहूर्त धरण्याचे उत्तम उदाहरण म्हणजे हडसन नदीला ईरी सरोवराशी जोडणारा ईरी कालवा. त्याची पहिली कुदळ ४ जुलै १८१७ रोजी न्यूयॉर्क राज्यातील रोम या गावी पडली. उत्तर आणि दक्षिणेकडील राज्यांच्या यादवी युद्धात तर शरणागतीसाठीही हाच दिवस निवडला गेला. मिसिसिपी नदीवरील व्हिक्सबर्ग या दक्षिणेच्या ताब्यातील शहराला उत्तरेचे सेनापती ग्रँट यांच्या फौजेने ४७ दिवस वेढा घातला होता. तोफगोळ्यांपासून बचावासाठी रहिवाशांनी टेकड्यांत गुहा खणल्या आणि शेवटी खेचराचे मांस खाल्ले. दक्षिणेचे सेनापती पेंबर्टन जन्माने उत्तरेतले. आपल्या मुलखाच्या लोकांना ४ जुलैचे किती अप्रूप आहे हे ते ओळखून होते. त्या दिवशी शहर स्वाधीन केले तर अटी सैल मिळतील, असा त्यांचा हिशेब होता. १८६३च्या त्याच दिवशी गेटिसबर्गच्या लढाईत हरलेले दक्षिणेचे दुसरे सेनापती ली माघारी वळत होते.

गुलामांना या दिवसाचे काय? न्यूयॉर्क राज्याने ४ जुलै १८२७ रोजी गुलामगिरी संपवली, पण न्यूयॉर्क शहरातील कृष्णवर्णीयांची मोठी मिरवणूक निघाली ती ५ तारखेला. १८५२ मध्ये रॉचेस्टर येथे गुलामगिरीतून निसटलेले नामवंत वक्ते फ्रेडरिक डग्लस यांनीही ५ जुलैलाच हा प्रश्न भर सभेत विचारला. तुमचा सण आमच्यासाठी शोकाचा आहे, असे त्यांनी श्रोत्यांना तोंडावर सांगितले.

विसाव्या शतकात तारीख देशाबाहेरही गेली. अमेरिकेने आपल्या ताब्यातील फिलिपीन्सला स्वातंत्र्य दिले ते ४ जुलै १९४६ रोजी. १९६२ मध्ये फिलिपीन्सने स्वातंत्र्यदिन १२ जूनला हलवला, कारण १८९८ मध्ये स्पेनविरुद्ध त्यांनी स्वतः स्वातंत्र्य पुकारले ते त्या दिवशी.