पुनरुक्ती, ज्यू बायबल-भाष्यातील

हिब्रू बायबलमध्ये एखादा शब्द, वाक्यखंड, आज्ञा किंवा अख्खी हकिकत पुन्हा येते तेव्हा तिचा अर्थ कसा लावायचा, यासाठी ज्यू भाष्यकारांनी सुमारे दोन हजार वर्षांत घडवलेल्या पद्धती. त्यांच्या मुळाशी एक श्रद्धा आहे : तोरा, म्हणजे बायबलचे पहिले पाच ग्रंथ, ईश्वरदत्त आहेत आणि त्यांत वायफळ असे एक अक्षरही नाही. तेव्हा दुसऱ्यांदा आलेला शब्द काही तरी नवे सांगणारच. हे गृहीत कुठवर ताणायचे, यावरून या परंपरेत वाद पेटला. तो कधीच निकाली निघाला नाही आणि परंपरेचा जिवंतपणाही त्यातच आहे.

वादाचे पहिले ठळक रूप इ. स. दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात रब्बी (ज्यू धर्मशास्त्री) अकिवा आणि रब्बी इश्माएल यांच्यात दिसते. हिब्रूत क्रियापद जोर देण्यासाठी दुहेरी वापरतात. आपण ‘गेला म्हणजे गेलाच’ म्हणतो तसे. ‘गणना’ ग्रंथात (१५:३१) ईश्वराचा शब्द तुच्छ मानणाऱ्याबद्दल असेच दुहेरी क्रियापद आहे : तो समाजातून ‘छाटला जाईल, छाटला जाईल’. अकिवांनी त्याची वाटणी केली, एकदा या जगातून आणि एकदा परलोकातून. इश्माएलांच्या बाजूने तालमूदमध्ये, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या महाग्रंथात, प्रश्न येतो की आदल्याच वचनात ‘छाटला जाईल’ असे एकदा आले आहे, मग जगे तीन आहेत काय? ‘तोरा माणसांच्या भाषेत बोलते’ हे त्यांचे सूत्र. जोर हा जोरच. प्रत्येक द्विरुक्तीतून नवा नियम काढायचे कारण नाही.

तरी कायद्याच्या क्षेत्रात पुनरुक्तीवर मोठी इमारत उभी राहिली. ‘करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नको’ ही आज्ञा तोरात तीनदा येते (‘निर्गम’ ग्रंथ २३:१९ व ३४:२६, ‘अनुवाद’ ग्रंथ १४:२१). इश्माएलांच्याच परंपरेत तिचे तीन निषेध झाले : असे अन्न शिजवू नये, खाऊ नये, त्यातून कोणताही लाभ घेऊ नये. मांस आणि दूध वेगळे ठेवण्याच्या ज्यू स्वयंपाकघरातल्या शिस्तीला या वाचनाचा मोठा आधार आहे.

दोन वेगळ्या ठिकाणी एकच शब्द आला तर एका ठिकाणचा नियम दुसरीकडे लावायचा, या पद्धतीला ‘गझेरा शावा’ म्हणतात. वल्हांडणाचा (मिसरच्या गुलामीतून सुटकेच्या सणाचा) यज्ञपशू शब्बाथच्या, म्हणजे साप्ताहिक विश्रांतीच्या, दिवशी कापावा का, हा प्रश्न प्राचीन आचार्य हिल्लेलने असा सोडवला : रोजच्या यज्ञाविषयी ‘नेमल्या वेळी’ हा शब्द आहे, वल्हांडणाविषयीही तोच आहे. रोजचा यज्ञ शब्बाथलाही होतो, म्हणून हाही होईल. मात्र अशा जोड्या जुळवत बसले तर कशावरूनही काहीही सिद्ध होईल. म्हणून ही जोडी गुरूकडून आलेली असावी, कोणी आपल्या मनाने जुळवू नये, असे बंधन घातले गेले. ते अतिशय शहाणपणाचे होते.

‘न्याय, न्याय यांच्याच मागे जा’ (अनुवाद १६:२०) या वचनाचे वाचन विशेष सुंदर आहे. तालमूद (सनहेद्रिन ३२ब) म्हणते, एक ‘न्याय’ निवाड्यासाठी, दुसरा तडजोडीसाठी. नदीत दोन नावा समोरासमोर आल्या आणि दोघींनी एकदम पुढे जायचे ठरवले, तर दोन्ही बुडतील. बेथ होरोनच्या चढावर दोन उंट भेटले, तर तीच गत. अशा वेळी रिकाम्याने लादलेल्याला वाट द्यावी. दोघे सारखेच असतील तर आपसात मिटवून, थांबणाऱ्याला भरपाई द्यावी. बाराव्या शतकातला अब्राहाम इब्न एझ्रा मात्र सरळ सांगतो की द्विरुक्ती ‘पुन्हा पुन्हा, आयुष्यभर’ या अर्थाने आहे, किंवा निव्वळ जोरासाठी.

कथांमध्ये पद्धत बदलते. ईश्वराच्या आज्ञेवरून अब्राहाम आपला मुलगा इसहाक याचा बळी द्यायला निघतो, त्या कथेत ‘ते दोघे बरोबर चालले’ हे वाक्य दोनदा येते (उत्पत्ति २२:६, ८). ‘होमासाठी कोकरू कुठे आहे?’ हा मुलाचा प्रश्न या दोहोंच्या मधे आहे. फ्रान्समधला ख्यातनाम भाष्यकार राशी (१०४०–११०५) लिहितो : पहिल्या वेळी बापाला सारे ठाऊक होते, मुलाला काहीच नव्हते, तरी बाप मुलाइतक्याच आनंदाने चालत होता. दुसऱ्या वेळी मुलालाही कळले होते, तरी दोघे एकाच मनाने चालले. वाक्य तेच, पण मधल्या प्रश्नोत्तराने ते बदलून गेले.

दूरदूरच्या पुनरुक्तीही मिद्राशने, म्हणजे रब्बींच्या प्राचीन बायबल-विवरणाने, टिपल्या. योसेफ मेला असे भासवण्यासाठी त्याचा रक्ताने माखलेला झगा बापापुढे टाकून भाऊ म्हणतात, ‘ओळखा पाहू’ (उत्पत्ति ३७:३२). पुढच्याच अध्यायात तामार ही सून सासऱ्याला, त्या भावांपैकीच एक असलेल्या यहूदाला, त्याच्याच वस्तू पाठवते आणि तेच शब्द उच्चारते (३८:२५). ज्या शब्दाने बापाला फसवले, त्याच शब्दाने यहूदा पकडला गेला, असे मिद्राश म्हणतो.

राशीचा नातू राशबाम याने काव्यातील पुनरुक्तीकडे रचना म्हणून पाहिले. ‘तुझा उजवा हात, हे प्रभू… तुझा उजवा हात, हे प्रभू’ (निर्गम १५:६) यात पहिला चरण अर्धवट थांबतो आणि दुसरा तेच शब्द उचलून वाक्य पुरे करतो, हे त्याने स्तोत्रांतील दाखले देऊन दाखवले. दाविद किम्ही अशा ठिकाणी ‘एकच आशय, वेगळे शब्द’ एवढेच नोंदवून पुढे जाई. एकोणिसाव्या शतकात मालबिमने (१८०९–१८७९) हे साफ नाकारले. संदेष्ट्यांच्या वाणीत समानार्थी शब्दच नाहीत, असा त्याचा आग्रह होता. त्याचे शब्दभेद कधी डोळे उघडतात, कधी ओढूनताणून आणल्यासारखे वाटतात.

विसाव्या शतकात मार्टिन बूबर आणि फ्रान्झ रोझेनत्स्वाइग यांनी बायबलच्या जर्मन भाषांतरात पुन्हा येणारा मूळ शब्द शक्यतो एकाच शब्दाने उतरवला, कारण कथेचा अर्थ अशा सूत्रशब्दांतून उमलतो, अशी त्यांची धारणा होती. बायबलच्या चिकित्सक अभ्यासकांनी पुष्कळदा पुनरुक्ती हे वेगवेगळे मूळ लेख जोडल्याचे चिन्ह मानले. राशीला मात्र त्याआधीच आणखी एक कारण दिसले होते : मोशेचे बोलणे वंशावळीने तुटले, म्हणून ग्रंथ ‘आधीच्या विषयाकडे वळू’ म्हणत मागचे शब्द पुन्हा घेतो (निर्गम ६:३०).

वल्हांडणाच्या रात्री वाचल्या जाणाऱ्या हगादा या पोथीतही हीच दृष्टी आहे. मुलाला सुटकेची हकिकत सांगण्याचा विषय तोरात चारदा येतो, म्हणून मुले चार प्रकारची : शहाणा, दुष्ट, भोळा आणि प्रश्नच विचारता न येणारा. बेने इस्राएल या मराठीभाषक ज्यू समाजासाठी मराठी भाषांतरासह छापलेला हगादा १८७४ मध्ये पुण्यात निघाला.

बायबलच्या शिक्षिका नेहामा लाइबोविट्झ (१९०५–१९९७) यांनी १९४२ पासून टपालाने प्रश्नपत्रिका पाठवून ही पद्धत सामान्य वाचकांच्या हाती दिली. उत्तरे त्या स्वतः तपासत. दोन उतारे शेजारी ठेवा, फरक शोधा आणि प्रत्येकाचे कारण द्या, हा त्यांचा आवडता धडा. अब्राहामाच्या सेवकाची कथा (उत्पत्ति २४) त्यासाठी अगदी योग्य. मालकाच्या मुलासाठी वधू शोधायला गेलेला तो रिबेकाला आधी दागिने देतो आणि मग ‘तू कोणाची?’ विचारतो, तिच्या घरी सांगताना मात्र क्रम उलटा करतो. राशी म्हणतो, ओळख नसता दागिने कसे दिले, या शब्दात सापडू नये म्हणून. इब्न एझ्राचे सर्वसाधारण सूत्र मात्र असे की शब्द शरीरासारखे आणि अर्थ आत्म्यासारखा. तोच आशय पुन्हा सांगताना शब्द बदलतात, आशय टिकला म्हणजे पुरे.