छप्पर नसलेला ‘झाकलेला रस्ता’

फ्रेंच तटबंदीवरच्या जुन्या ग्रंथांत ‘शमँ कूव्हेर’ हा शब्द पानोपानी भेटतो. शमँ म्हणजे रस्ता, कूव्हेर म्हणजे झाकलेला. इंग्रजीत त्याचं ‘कव्हर्ड वे’ झालं, आणि पहिल्यांदा वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे हमखास छप्पर येतं. माझ्याही आलं होतं. प्रत्यक्षात या रस्त्यावर छप्पर कधीच नव्हतं. पावसाळी रात्री तिथला पहारेकरी चिंब भिजत असे.

मग झाकलेलं काय? त्यासाठी आधी असा किल्ला आडवा कापून बघायला हवा. १४९४ मध्ये फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स तोफा घेऊन इटलीत उतरला, आणि उंच, सरळसोट भिंती तोफेपुढे किती दुबळ्या आहेत ते सगळ्यांना दिसलं. इटालियन स्थपतींनी यावर उपाय काढला तो भिंत जमिनीत बुडवण्याचा. आधी रुंद खंदक खणायचा आणि भिंत त्या खंदकातून वर आणायची, म्हणजे दुरून तिचा जेमतेम माथा दिसेल. खंदकाच्या बाहेरच्या काठावर पुरुषभर खोल असा एक रस्ता ठेवायचा. रस्त्याच्या पुढे मातीचा भराव घालून तो शत्रूच्या दिशेने हळूहळू उतरत मैदानात मिसळून टाकायचा. हा उतार म्हणजे ‘ग्लासी’, आणि त्याच्यामागे दडलेला रस्ता म्हणजे शमँ कूव्हेर. झाकलंय ते शत्रूच्या नजरेपासून आणि गोळ्यांपासून. आभाळाला तो सताड उघडा आहे.

ग्लासीचं गणित सुंदर आहे. खालून येणारा तोफगोळा एकतर या मातीत रुततो किंवा तटाच्या माथ्यावरून निघून जातो. भिंतीचा पायथा तोफचीला दिसतच नाही. उलट तटावरच्या शिपायाची नजर मात्र या उताराला घासत जाते. त्यामुळे वर चढणाऱ्याला लपायला ढेकळाएवढाही आडोसा मिळत नाही. आजही रणगाड्याच्या पुढच्या तिरप्या चिलखताला इंग्रजीत ग्लासीच म्हणतात.

हे चित्र डोक्यात असेल तरच पुढचा एक शब्दप्रयोग उलगडतो: ‘शमँ कूव्हेरला मुकुट घालणे’. शब्दशः भाषांतर केलं तर राज्याभिषेकाचा थाट वाटतो. खरा अर्थ असा, की वेढा घालणारे नागमोडी चर खणत ग्लासीच्या माथ्यापर्यंत आले आणि तिथे, त्या रस्त्याच्या कडेला, मातीचा आडोसा उभारून ठाण मांडून बसले. वेढ्याचं पारडं इथे फिरतं. कारण एवढे दिवस लपलेला भिंतीचा पायथा इथून पहिल्यांदा दिसतो, आणि खिंडार पाडणाऱ्या तोफा इथेच आणून बसवता येतात. हे शास्त्र ज्याने पूर्णत्वाला नेलं तो फ्रेंच लष्करी अभियंता सेबास्त्याँ द व्होबाँ १६३३ साली जन्मला, म्हणजे शिवाजी महाराजांचा जवळपास समवयस्क. महाराजांच्या राज्याभिषेकाच्या आदल्या वर्षी, १६७३ मध्ये, त्याने मास्ट्रिख्टच्या वेढ्यात शहराला समांतर चर खणत पुढे सरकण्याची पद्धत वापरली आणि दोन आठवड्यांच्या आत शहर घेतलं.

आता अर्धचंद्राची गोष्ट. फ्रेंचमध्ये ‘दमी-ल्यून’ म्हणजे अर्धा चंद्र. शब्दकोश उघडून कोणीही ‘हाफ मून’ लिहून मोकळा होईल. पण व्होबाँच्या नकाशात दमी-ल्यूनवर बोट ठेवा, तिथे चक्क त्रिकोण असतो! दोन बुरुजांमधल्या सरळ भिंतीसमोर, खंदकात बेटासारखं उभं असलेलं हे टोकदार बांधकाम. चंद्राचा मागमूस नाही. झालं असं, की मूळचा अर्धचंद्र बुरुजाच्या टोकासमोर असायचा आणि त्याची मागची कड खरंच कोरीसारखी वाकलेली असायची. भिंतीसमोरच्या त्रिकोणाचं नाव वेगळं होतं: ‘रॅव्हलिन’. पुढे फ्रेंचांनी त्रिकोणालाही दमी-ल्यून म्हणायला सुरुवात केली, इंग्रजीत मात्र रॅव्हलिन हा शब्द टिकला. म्हणजे व्होबाँच्या दमी-ल्यूनचं इंग्रजी भाषांतर रॅव्हलिन, जो शब्द स्वतः फ्रेंचमधूनच आलेला आहे! एका फ्रेंच शब्दाचं इंग्रजी भाषांतर दुसरा फ्रेंच शब्द, असा हा मासला.

याहून मोठा घोटाळा ‘रिडाउट’ने घातला. फ्रेंचमध्ये ‘रदूत’ आणि ‘रेद्युई’ असे दोन शब्द आहेत, दोन्ही एकाच लॅटिन घराण्यातले. रदूत म्हणजे मुख्य तटाबाहेर किंवा उघड्या मैदानात उभारलेलं छोटं, चहूबाजूंनी बंद ठाणं. रेद्युई म्हणजे सगळं पडलं तरी शेवटपर्यंत लढायची आतली जागा. आपल्या भाषेत बालेकिल्ला. एक सगळ्यात पुढे, एक सगळ्यात आत. इंग्रजीने रदूतचं रिडाउट केलं (संशयाच्या ‘डाउट’शी गल्लत होऊन त्यात एक मुका ‘बी’ही घुसला), आणि दुसऱ्या महायुद्धात स्वित्झर्लंडने आल्प्समध्ये जी शेवटची रेद्युई तयार केली तिलाही ‘नॅशनल रिडाउट’ म्हटलं. आता इंग्रजी वाचकाने नुसत्या शब्दावरून ओळखायचं तरी कसं, की बाहेरचं ठाणं की आतला बालेकिल्ला?

साधे शब्दही दगा देतात. ‘फोसे’ म्हणजे खंदक. त्याचं इंग्रजीत ‘मोट’ केलं की वाचकाला पाणी दिसतं, आणि व्होबाँचे कित्येक खंदक तर कोरडे ठणठणीत. ‘जेनी’ म्हणजे एरवी प्रतिभा, पण इथे ते लष्करी अभियंत्यांच्या दलाचं नाव; त्यात प्रतिभावंत कोणी असलाच तर योगायोग. ‘सापर’ म्हणजे वेढ्याचे चर खणणारा. आपल्याकडे खडकीच्या बॉम्बे सॅपर्समुळे तो शब्द घरचा झालाय. पण आजच्या फ्रान्समध्ये ‘सापर-पाँपिये’ दारात आले तर ते आग विझवायला आलेले असतात. आणि १८८०च्या दशकातल्या ‘टॉर्पेडो-गोळ्याच्या संकटा’चा समुद्राशी काही संबंध नाही. मेलिनाइट हे नवं स्फोटक भरलेला लांबट तोफगोळा म्हणजे तो टॉर्पेडो. १८८६ मध्ये माल्मेझाँच्या किल्ल्यावर तो डागून पाहिला, दगडी बांधकाम फुटलं, आणि फ्रान्सचे किल्ले काँक्रीटने मढवायची पाळी आली.

पण मला सगळ्यात धोकादायक वाटतो तो निरुपद्रवी दिसणारा ‘पिये’. पिये म्हणजे पाऊल, म्हणजे फूट. यात चुकायला जागाच कुठे? तर जुना फ्रेंच फूट सुमारे ३२.५ सेंटिमीटरचा, इंग्रजी फूट ३०.४८ सेंटिमीटरचा. व्होबाँच्या तटबंदी आखण्याच्या पहिल्या पद्धतीत दोन बुरुजांच्या टोकांमधलं अंतर साधारण १८० त्वाज असतं. एक त्वाज म्हणजे सहा पिये, म्हणजे एकूण १०८० पिये, सुमारे ३५१ मीटर. भाषांतरकाराने बिनधास्त ‘१०८० फूट’ लिहिलं की तेच अंतर ३२९ मीटर होतं. किल्ल्याची एकेक बाजू बसल्या जागी बावीस मीटरने आखडली. ही अंतरं हौसेखातर ठरलेली नव्हती. एका बुरुजावरच्या बंदुकीची गोळी शेजारच्या बुरुजाच्या टोकापर्यंत पोचली पाहिजे, या हिशोबाने सगळी भूमिती बांधलेली होती. तो आकडा बिघडला, तर असं का बांधलं याचं उत्तरही बिघडतं.

मराठीत आणायचं ठरवलं तर अडचणी आणखी वेगळ्या. ‘बास्त्यों’ला आपण बुरूज म्हणतो, पण सिंधुदुर्गाचा गोल बुरूज आणि वसईचा पोर्तुगिजांनी बांधलेला, बाणाच्या टोकासारखा बुरूज या दोन वेगळ्या कल्पना आहेत. गोल बुरुजाच्या पायथ्याशी थोडी जागा अशी राहते, की शेजारच्या बुरुजांवरूनही तिथे मारा करता येत नाही; कोनदार बुरूज जन्मला तोच ही जागा संपवायला. नुसतं बुरूज लिहिलं की नेमकं हेच हरवतं, म्हणून मी निदान ‘कोनबुरूज’ म्हणेन. ग्लासीला आपल्याकडे शब्द नाही यात आश्चर्य नाही. सह्याद्रीच्या कड्यावर किल्ला असेल तर मातीचा उतार कोण रचत बसेल? शिवाय खंदक म्हणजे तटाभोवतीचाही आणि पहिल्या महायुद्धात सैनिक ज्यात महिनोन्‌महिने बसून राहिले तोही. फ्रेंच मात्र एकाला फोसे म्हणतात, दुसऱ्याला त्राँशे.

शमँ कूव्हेरच्या बाबतीत मात्र मराठी इंग्रजीपेक्षा नशीबवान आहे. आपल्याकडे छप्पर वेगळं आणि आडोसा वेगळा. रानात आडोशाला गेलेला माणूस छपराखाली गेला असं कोणी समजत नाही. ‘आडवाट’ म्हणता येणार नाही, त्या शब्दाला दुसरं काम आहे. पण ‘आडोशाची वाट’ म्हटलं, की पुढे मातीचा चढ, त्यामागे वाकून चाललेला शिपाई आणि त्याच्या डोक्यावर मोकळं आभाळ, सगळं जागच्या जागी दिसतं.