हवाई लायडार सर्वेक्षण आणि सरकारी वनांचे व्यवस्थापन

हवाई लायडार सर्वेक्षण : विमान, हेलिकॉप्टर किंवा ड्रोनमधून जमिनीकडे लेसरचे स्पंद सोडायचे आणि ते परतायला लागलेल्या वेळेवरून उंची काढायची, अशी मोजणीची पद्धत. वनखात्याला तिचा उपयोग मुख्यतः दोन कामांसाठी होतो : झाडांखालच्या जमिनीचे चढउतार समजून घेणे आणि उभ्या झाडांची उंची व लाकूडसाठा ठरवणे.

यंत्र सेकंदाला लाखो स्पंद सोडते. एकाच स्पंदाचा काही भाग शेंड्यावरून परततो, काही मधल्या फांद्यांवरून, आणि फटींतून जे निसटते ते जमिनीला लागून परत येते. विमानाचे स्थान आणि कल सतत नोंदलेले असल्यामुळे प्रत्येक परतीची जागा व उंची निश्चित होते. संगणकावर जमिनीचे बिंदू वेगळे काढले, की झाडोऱ्याखालचे ओहोळ, घळी, जुने बांध, मोडलेल्या वाटा उघड होतात. हवाई छायाचित्रात हे दिसत नाही. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर समोच्च रेषांमधले (समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमधले) उंचीचे अंतर सहसा २० मीटर असते, त्यामुळे पुरुषभर खोल घळ त्यात हरवून जाते. वनव्यवस्थापनात या तंत्राचे सर्वांत मोठे मोल याच उघड्या जमिनीत आहे.

भारतातला या प्रकारचा मोठा सरकारी प्रकल्प पाण्यासाठी झाला. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जुलै २०२० मध्ये वाप्कोस या सार्वजनिक कंपनीकडे २६ राज्यांतील २,६१,८९७ हेक्टर वनक्षेत्राच्या लायडार सर्वेक्षणाचे काम सोपवले. खर्च १८.३८ कोटी रुपये, म्हणजे हेक्टरी सुमारे ७०० रुपये. प्रत्येक राज्यात सरासरी १०,००० हेक्टरचे एक क्षेत्र निवडले गेले. २५ जून २०२१ रोजी तत्कालीन मंत्री प्रकाश जावडेकर यांनी १० राज्यांचे सविस्तर प्रकल्प अहवाल प्रसिद्ध केले. त्यांत महाराष्ट्र आणि गोवाही होते. जंगलातच पाणी आणि चारा वाढला तर वन्यप्राणी गावात कमी येतील, हा त्यामागचा विचार. प्रत्यक्ष बांधकामासाठी राज्यांनी कॅम्पाचा, म्हणजे वनजमीन इतर कामांना देताना भरपाई म्हणून जमा होणारा निधी वापरावा, असे ठरले.

‘माथा ते पायथा’ हे पाणलोटाचे सूत्र महाराष्ट्रात जुनेच आहे. वर समतल चर, घळीत अनगड दगडी बांध, प्रवाहाला जोर असेल तिथे गॅबियन, म्हणजे तारेच्या जाळीत दगड भरून केलेला, बंधारा, खाली पाझर तलाव. लायडारवरून तयार केलेल्या जमिनीच्या संगणकीय प्रतिरूपावरून कोणत्याही बिंदूवर किती क्षेत्राचे पाणी उतरते, उतार किती आहे आणि बंधाऱ्यामागे किती पाणी साठेल, हे चर खणण्याआधीच मोजता येते. मात्र मातीखाली मुरूम आहे की कातळ, हे लेसर सांगत नाही. ते चाचणी खड्ड्यावरूनच कळते, आणि कोणता ओढा कोणत्या महिन्यापर्यंत वाहतो हे बीटाच्या वनरक्षकाला आणि गुराख्याला ठाऊक असते. त्यांना न विचारता कागदावर ठरवलेली जागा पहिल्याच पावसाळ्यात चुकीची ठरू शकते.

लाकूडसाठ्याच्या मोजणीत उत्तर युरोप बराच पुढे आहे. नॉर्वेचे वनशास्त्रज्ञ एरिक नेसेट यांनी २००२ च्या सुमारास व्यवहारात वापरता येईल अशी दोन टप्प्यांची रीत मांडली. आधी नमुन्याच्या छोट्या भूखंडांत झाडे प्रत्यक्ष मोजायची. मग ती मापे आणि तिथल्या लेसर बिंदूंच्या उंची यांचा संबंध बसवून सगळ्या वनाचा अंदाज काढायचा. फिनलंडमध्ये २०२० मध्ये दर चौरस मीटरला ५ बिंदू, या घनतेने देशव्यापी सर्वेक्षण सुरू झाले. तिथल्या वनांत स्प्रूस, पाइन, बर्च अशा मोजक्या जातींचे वर्चस्व असते. आपल्या मिश्र पानझडी वनात साग, ऐन, धावडा, तेंदू एकत्र वाढतात आणि निव्वळ उंचीवरून जात ओळखता येत नाही. त्यामुळे नमुना भूखंड इथे अधिक लागतात. त्यांवरचा खर्च वाचवला तर विमानाचा खर्च वाया जातो.

उड्डाणाचा हंगामही महत्त्वाचा. लेसर ढगांना भेदत नाही, म्हणून पावसाळा बाद. साग निष्पर्ण असतो त्या उन्हाळ्याच्या महिन्यांत जमीन उत्तम मिळते, पण झाडांच्या वरच्या पालवीच्या छत्राची घनता मोजायची असेल तर पाने हवीत. सह्याद्रीच्या सदाहरित पट्ट्यात वर्षभर छत्र इतके दाट असते, की जमिनीपर्यंत फार थोडे स्पंद पोचतात. त्यामुळे तिथल्या तीव्र उतारांवर नेमके जमिनीचे प्रतिरूप कमकुवत होते.

फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी खासगी भारतीय संस्थांना अशा मोजणीसाठी पूर्वपरवानगीच्या जाचातून मोकळे केले. सार्वजनिक पैशातून तयार झालेली भूस्थानिक माहिती, सुरक्षा यंत्रणांची गोपनीय माहिती वगळता, भारतीय संस्थांना सहज मिळावी, असेही त्यांत म्हटले आहे. हे तत्त्व ग्रामसभांपर्यंत पोचले पाहिजे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे आपल्या वनाचे व्यवस्थापन गावाने करण्याचा हक्क, मिळाला. तेव्हापासून अशा अनेक गावांवर आपल्या वनाचा आराखडा स्वतः करण्याची जबाबदारी आली आहे. चर कुठे खणायचा आणि वनतळे कुठे घ्यायचे, हा प्रश्न त्यांच्यापुढेही वनखात्याइतकाच आहे.