पार्श्वभूमी : पर्यावरणाच्या पेपरपासून व्यवस्थाबदलाच्या पदवीपर्यंत

मुंबईतल्या बऱ्याच संस्था आता शाश्वततेसाठी व्यवस्था कशी बदलायची, त्या बदलाचं नेतृत्व कसं करायचं, हे शिकवू पाहतात. माहितीपत्रकं नवी आहेत, पण या अभ्यासक्रमांची मुळं जुनी आहेत आणि ती एका ठिकाणी सापडत नाहीत.

एक मूळ न्यायालयात आहे. पर्यावरणाचे खटले लढवणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचा आदेश दिला. विद्यापीठ अनुदान आयोगाचा पदवीसाठीचा सहामाही अभ्यासक्रम हाती पडेपर्यंत मात्र २००३-०४ उजाडलं. पुण्याचे डॉ. एराक भरुचा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने तो केला. एकूण ५० तासिका, त्यातल्या पाच प्रत्यक्ष क्षेत्रभेटीच्या आणि त्या कामाला शंभरपैकी २५ गुण. हेतू उत्तम होता. कॉलेजांत त्याचा झाला ‘ईव्हीएस’ (एन्व्हायर्नमेंटल स्टडीज) : आदल्या रात्री गाईड, मागच्या वर्षीच्या मुलांकडून आणलेली प्रोजेक्टची फाईल, विषय सुटला. पाणी वाचवा, झाडं लावा. पाणी कोणाला किती मिळतं आणि ते कोण ठरवतं, हा प्रश्न पेपरात क्वचितच येई.

तो प्रश्न दुसरीकडून आला. १९७२ साली क्लब ऑफ रोम या आंतरराष्ट्रीय विचारगटासाठी अमेरिकेच्या एमआयटी विद्यापीठातल्या गटाने वाढीच्या मर्यादांवर अहवाल केला. त्याच्या प्रमुख लेखिका डोनेला मेडोज यांनी पुढे, १९९९ मध्ये, व्यवस्थेत हस्तक्षेप करण्याच्या १२ जागा मांडल्या. कर, अनुदानं, मानकं यांच्यातले आकडे बदलणं ही सर्वांत कमकुवत जागा. व्यवस्थेचे नियम, तिची उद्दिष्टं आणि ती ज्या विचारातून उभी राहते तो विचार, या खऱ्या जोराच्या जागा. जगभरच्या अशा अनेक वर्गांत ही यादी आजही शिकवतात.

मुंबईला ही यादी समजायला पुस्तक लागलं नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. शहराची जुनी पर्जन्यजलव्यवस्था तासाला २५ मिलिमीटरच्या हिशोबाने बांधलेली, तीही ओहोटी असेल तर. ती दुप्पट करा, असं पर्जन्यजल निचऱ्यावरच्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने १९९३ मध्येच सांगून ठेवलं होतं. मिठी नदी विमानतळापाशी काटकोनात वळवलेली, पुढे वांद्रे-कुर्ला संकुलाच्या भरावाने आवळलेली. महापालिका, एमएमआरडीए (महानगर विकास प्राधिकरण), विमानतळ, रेल्वे : प्रत्येकाने आपापला तुकडा आपापल्या नियमाने सांभाळला होता, अख्खी नदी कोणाचीच नव्हती. नंतर पुराच्या चौकशीसाठी चितळे समिती बसली, मिठीसाठी प्राधिकरण झालं. माझ्या मते इथल्या शिक्षकांना याहून चांगला धडा कुठल्याच परदेशी पुस्तकात मिळणार नाही.

टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याच दशकात अधिवास अभ्यासाचं (हॅबिटॅट स्टडीज) स्वतंत्र स्कूल काढलं आणि शहर, पाणी, हवामान हे विषय धोरण व कारभाराच्या अंगाने शिकवायला घेतले. तिला हे नवखं नव्हतं. १९३६ मध्ये ती नागपाड्याच्या वस्तीत सुरू झाली, १९५४ मध्ये देवनारला आली, आणि देवनारचं कचऱ्याचं डंपिंग ग्राउंड तिच्याही आधीचं. आयआयटी मुंबईतही असंच एक जुनं मूळ आहे : ग्रामीण तंत्रज्ञानाचं ‘सितारा’ केंद्र तिथे १९८५ पासून आहे.

मागणी मात्र बाजाराने वाढवली, हे मान्य करायला हवं. २०१३ च्या कंपनी कायद्याने सीएसआर, म्हणजे नफ्यातला वाटा समाजकार्यावर खर्चण्याची जबाबदारी, आलं. मग शेअर बाजाराची नियामक सेबी हिने २०२१ मध्ये ठरवलं की २०२२-२३ पासून शेअर बाजारात नोंदलेल्या सर्वांत मोठ्या एक हजार कंपन्यांनी शाश्वततेचा अहवाल द्यायचा. अहवाल भरायला माणसं हवीत, म्हणून अभ्यासक्रम हवेत. सेबीचं मुख्यालयही मिठीकाठच्या त्याच वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. यातून तयार होणारा पदवीधर मेडोज यांच्या यादीतल्या सर्वांत कमकुवत जागेवरच, आकड्यांपाशी, अडकण्याची शक्यता दाट.

२०२३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या पर्यावरण शिक्षणाची चौकट नव्याने आखली, चार श्रेयांकांची (क्रेडिट्सची). त्याआधी मार्च २०२२ मध्ये मुंबईचा हवामान कृती आराखडा आला होता, २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं, म्हणजे जेवढे हरितगृह वायू सोडू तेवढे शोषले जाण्याचं, लक्ष्य घेऊन. तो राबवायचा तर महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात बसणाऱ्या अभियंत्यालाही हे शिक्षण लागेल, आणि नोकरी सांभाळून त्याला परवडतील असे वर्ग अजून थोडेच आहेत.