निवासी वस्तीत बेघर निवारा : कोल्हापुरातील विरोधामागचा इतिहास

बेघरांसाठी निवारा असावा, या गोष्टीला तत्त्वतः विरोध करणारा माणूस कोल्हापुरात सहसा भेटत नाही. विरोध सुरू होतो तो जागा ठरल्यावर. महापालिकेची पटसंख्येअभावी बंद पडलेली शाळा, वापरात नसलेला दवाखाना किंवा धूळ खात पडलेले सभागृह यांपैकी एखाद्या इमारतीचे नाव पुढे आले, की त्या भागात सह्यांची मोहीम निघते, तालमीत बैठक बसते आणि आयुक्तांच्या नावे निवेदन जाते. निवेदनातले मुद्दे भाग बदलला तरी फारसे बदलत नाहीत. रात्री-अपरात्री येणारे अनोळखी लोक, दारू, क्लासहून उशिरा परतणाऱ्या मुलींची काळजी, उघड्यावरची घाण आणि रोगराई हे मुद्दे लेखी येतात. घरांच्या किमती उतरण्याची धास्ती मात्र बहुधा बोलण्यातच राहते. या आक्षेपांना निष्ठुरपणा ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण त्यातून काहीच उलगडत नाही. ही भीती कुठून आली आणि निवारा वस्तीतच का मागितला जातो, या दोन्ही प्रश्नांना मोठा इतिहास आहे.

परगावच्या माणसाला आसरा देणे या शहराला नवे नाही. अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्या यात्रेकरूंसाठी देवळाच्या परिसरात धर्मशाळा होत्या, आणि ओवरीत किंवा नदीच्या घाटावर रात्र काढणाऱ्याला कोणी उठवत नसे. त्यापुढचे मोठे पाऊल राजर्षी शाहू महाराजांनी टाकले. खेड्यातून शिकायला आलेल्या गरीब मुलाला शहरात राहायला जागा नाही, ही अडचण ओळखून १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. त्यामागोमाग जैन, लिंगायत, मुस्लिम अशा निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. आजच्या वादाच्या दृष्टीने या वसतिगृहांची दोन वैशिष्ट्ये महत्त्वाची वाटतात. त्यांतली अनेक गावकुसाबाहेर न ढकलता दसरा चौकासारख्या मोक्याच्या भागात, दरबाराच्या नजरेसमोर बांधली गेली. आणि प्रत्येकाच्या मागे एक जबाबदार संस्था आणि कायम राहणारा अधीक्षक होता, म्हणजे काही कमी-जास्त झाले तर कोणाच्या दारात जायचे हे शेजाऱ्याला ठाऊक होते.

अलीकडच्या काळात हीच वृत्ती महापुरात दिसली. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून बरीच वर मजल मारली, तेव्हा शाळा, मठ, मंगल कार्यालये आणि समाजांची सभागृहे स्थलांतरितांसाठी उघडली गेली. सुतारवाड्यातील कुटुंबे चित्रदुर्ग मठात आली, की आसपासच्या घरांतून भाकरी, चादरी, मुलांचे कपडे येत राहतात. त्या दिवसांत सभागृहात कोण झोपले आहे, याची विचारपूस आपुलकीने होते, तक्रारीच्या सुरात नाही. मग तेच शहर कायमच्या निवाऱ्यापुढे का थबकते? पूरग्रस्ताला स्वतःचे घर असते, त्याची गल्ली माहीत असते आणि पाणी ओसरले की तो परत जाणार हे सर्वांना ठाऊक असते. बेघराच्या बाबतीत यातले काहीच शेजाऱ्याला माहीत नसते, आणि माहीत करून देण्याची व्यवस्थाही आपल्याकडे फार उशिरा आली.

तोवर राज्यसंस्थेने बेघर माणसाची ओळख कशी करून दिली होती, हे पाहायला हवे, कारण आजच्या संशयाचे मूळ बऱ्याच अंशी तिथे आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने फिरस्त्या समाजांना जन्मानेच गुन्हेगार ठरवले आणि पोलिसांकडे नित्याची हजेरी लावणे त्यांच्या माथी मारले. ब्रिटिश मुलखात हा कायदा जोरात असताना शाहू महाराजांनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानातील हजेरीची पद्धत बंद केली, आणि फासेपारध्यांना कामावर घेऊन सोनतळी परिसरात राहण्याची सोय करून दिली. ज्यांना चोर म्हणून हाकलले जात होते त्यांच्याकडे पहाऱ्याचे काम सोपवण्याचा तो निर्णय आजही थक्क करणारा आहे. देशपातळीवर हा कायदा रद्द व्हायला १९५२ उजाडावे लागले. पण त्यानंतर अवघ्या सात वर्षांत मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियम, १९५९ आला. त्यात भीक मागणे म्हणजे काय याची व्याख्या इतकी सैल होती, की उदरनिर्वाहाचे दृश्य साधन नसलेला आणि सार्वजनिक ठिकाणी भटकणारा माणूसही तीत बसू शके. पहिल्या खेपेस एक ते तीन वर्षे आणि पुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंत भिक्षेकरी गृहात डांबण्याची तरतूद झाली. ज्याला घर नाही तो पोलिसांनी उचलून न्यायचा माणूस आहे, असे दोन-तीन पिढ्यांनी डोळ्यांनी पाहिले असेल, तर त्याच माणसासाठी शेजारी इमारत उघडताना लोक बिचकणार, यात नवल नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये तिथेही लागू असलेल्या या कायद्यातील भीक मागणे गुन्हा ठरवणाऱ्या तरतुदी दिल्लीपुरत्या घटनाबाह्य ठरवल्या. महाराष्ट्रातील कायदा मात्र त्या निकालाने रद्द झाला नाही.

न्यायालयांचा दृष्टिकोन बदलण्यास सुरुवात झाली ती मुंबईच्या पदपथांवरून. १९८१ मध्ये झोपड्या आणि पदपथांवरील बिऱ्हाडे हटवण्याच्या कारवाईविरुद्ध दाखल झालेल्या ओल्गा टेलिस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै १९८५ मध्ये निकाल दिला. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि माणूस पदपथावर राहतो तो तेथून काम जवळ असते म्हणून, हे वास्तव निकालपत्रात नोंदवले. त्या निकालाने पदपथावर राहण्याचा हक्क दिला नाही, हेही तितकेच खरे. परंतु कामाची जागा आणि रात्रीची जागा यांचा संबंध तोडला तर माणूस उपाशी राहतो, हा विचार तिथून पुढच्या प्रत्येक धोरणात उतरला.

प्रत्यक्ष निवाऱ्यांचा आदेश आला तो थंडीच्या एका घटनेतून. डिसेंबर २००९ मध्ये दिल्लीत पुसा रोडजवळचा एक तात्पुरता निवारा पाडला गेला आणि कडाक्याच्या थंडीत माणसे दगावल्याचे अन्नाच्या हक्काबाबत २००१ पासून चालू असलेल्या खटल्यात न्यायालयानेच नेमलेल्या आयुक्तांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्राने कळवले. जानेवारी २०१० पासून न्यायालयाने प्रथम दिल्लीला आणि मग सर्व राज्यांना निर्देश दिले, आणि पाच लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे किमान एक, चोवीस तास आणि बारा महिने चालणारा निवारा असे प्रमाण रूढ झाले. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर महापालिका हद्दीची लोकसंख्या सुमारे ५ लाख ४९ हजार भरली, म्हणजे शहर या प्रमाणात थेट बसले. त्याच जनगणनेत देशातील शहरी बेघरांची संख्या ९ लाख ३८ हजारांवर गेली होती. दहा वर्षांपूर्वी ती ७ लाख ७८ हजार होती. दिल्लीच्या निमित्ताने थंडीचा विचार पुढे आला असला, तरी कोल्हापुरात कसोटी पाहतो तो पाऊस. जूनपासून पुढचे महिने उघड्यावर झोपणारा माणूस कोरड्या पायरीच्या शोधात रात्रभर जागा बदलत राहतो, आणि बाराही महिने उघडा निवारा ही अट इथे पावसाळ्यासाठी आवश्यक ठरते.

सप्टेंबर २०१३ मध्ये राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान सुरू झाले आणि त्यात शहरी बेघरांसाठी निवाऱ्याची स्वतंत्र योजना आली. वस्तीतील वादाचे बरेचसे धागे या योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत सापडतात. दर लाख लोकसंख्येमागे किमान शंभर माणसांची सोय, एका केंद्रात साधारण पन्नास ते शंभर जण, प्रत्येकाला किमान पन्नास चौरस फूट जागा, स्वच्छतागृह, पाणी, स्वयंपाकाची सोय, आणि स्त्रिया, कुटुंबे, वृद्ध व आजारी यांच्यासाठी गरजेनुसार वेगळी केंद्रे. जागेबाबत स्पष्ट अपेक्षा आहे, की निवारा शक्यतो बेघर माणसे जिथे एकवटतात आणि जिथे त्यांना काम मिळते त्याच्या जवळ असावा. ‘शहराबाहेर, एमआयडीसीकडे द्या’ ही सूचना जवळपास प्रत्येक बैठकीत होते आणि प्रत्येक वेळी ती या अटीवर अडते.

कोल्हापुरात हे लोक एकवटतात कुठे, हे रात्री अकरानंतर कोणीही पाहू शकतो. मध्यवर्ती बसस्थानक, रेल्वे स्थानक, महाद्वार आणि भवानी मंडपाचा परिसर, पंचगंगा घाट, लक्ष्मीपुरीच्या बाजारपेठेतील बंद दुकानांच्या पायऱ्या आणि सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयाचा आवार. बसस्थानकाच्या कडेला झोपलेल्या माणसाकडे नीट पाहिले तर चपला उशाखाली असतात आणि पिशवीचा बंद मनगटाला गुंडाळलेला असतो. चोरीची भीती त्यालाही असते, किंबहुना जास्त असते. यांत लग्नसराईत वाढप्याचे काम करणारे आहेत, हॉटेलात भांडी घासणारे आहेत, पहाटे चारला भंगार-कागद वेचायला निघणाऱ्या बायका आहेत. सीपीआरमध्ये कोकणातून आणि सीमाभागातून रुग्ण येतात. त्यांचे नातेवाईक आठवडा-पंधरा दिवस व्हरांड्यात काढतात, आणि तेही त्या रात्रीपुरते बेघरच असतात. घरच्यांनी टाकलेले वृद्ध ही आणखी एक वाढती बाजू. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने पालकांना असे सोडून देणे शिक्षापात्र ठरवले, पण पायरीवर बसलेली म्हातारी मुलाचे नाव पोलिसांना सांगत नाही.

रहिवाशांच्या आक्षेपांतला सर्वांत गंभीर मुद्दा मला मनोरुग्णांचा वाटतो आणि त्याबद्दल दोन्ही बाजूंनी अर्धवट बोलले जाते. रस्त्यावर भटकणाऱ्या, स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या मनोरुग्णाला संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीसाठी नेण्याचे कर्तव्य मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १०० ने पोलीस ठाण्यावर टाकले आहे. निवारा केंद्रात मानसोपचारतज्ज्ञ नसतो आणि तिथल्या काळजीवाहकाने हा भार उचलावा अशी अपेक्षाही चुकीची आहे. राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी कोल्हापूरला सोयीचे ते रत्नागिरीचे. घाट उतरून तिथे नेणे, बरे झाल्यावर परत आणणे, औषधे चालू ठेवणे ही साखळी कुठेही तुटली की तो माणूस पुन्हा त्याच चौकात दिसतो. शेजाऱ्यांना भीती वाटते ती या तुटलेल्या साखळीची, पण राग निघतो तो निवाऱ्यावर.

आता उरतो विश्वासाचा प्रश्न, आणि इथे रहिवाशांची तक्रार मला पूर्णपणे रास्त वाटते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार विकास आराखड्यावर आणि आरक्षणातील फेरबदलावर हरकती-सूचना मागवाव्या लागतात. परंतु महापालिकेच्याच एखाद्या इमारतीचा वापर बदलायचा असेल, तर अनेकदा शेजाऱ्याला पहिली बातमी मिळते ती रंगारी आल्यावर. त्यात नोव्हेंबर २०२० मध्ये महापालिकेच्या निर्वाचित सभागृहाची मुदत संपल्यानंतर कोल्हापुरात काही वर्षे निवडून आलेले नगरसेवक नव्हते, कारभार प्रशासकांकडे होता. पाणी येत नाही म्हणून ज्याच्या घरी जायचे तो माणूसच नसल्यावर, निवाऱ्यासारखा नाजूक निर्णय लोकांच्या गळी उतरवायचा कोणी? अधिकाऱ्याची बदली होते, संस्थेचा करार संपतो, आणि रात्री दोन वाजता भांडण झाले तर फोन कोणाला करायचा, हा साधा प्रश्न अनुत्तरित राहतो.

चांगल्या रीतीने चालणाऱ्या निवाऱ्यात या प्रश्नाचे उत्तर दाराशीच मिळते. येणाऱ्याचे नाव, मूळ गाव, वय आणि आजार नोंदवहीत लिहिला जातो, छायाचित्र घेतले जाते, यादी पोलीस ठाण्याला जाते, दारू पिऊन आलेल्याला आत घेण्याबाबत लेखी नियम असतो आणि रात्रपाळीला जागा असलेला माणूस असतो. पुढे आधार कार्ड, रेशन, बँक खाते, निराधारांचे वेतन यांची कागदपत्रे तिथूनच सुरू होतात, कारण यातल्या जवळपास प्रत्येक अर्जात राहण्याचा पत्ता विचारला जातो. योजनेत व्यवस्थापन समितीचीही तरतूद आहे. त्या समितीवर गल्लीतील दोन-तीन रहिवाशांना पहिल्या दिवसापासून घ्यावे, नोंदवहीतील संख्या त्यांना दरमहा कळावी आणि काळजीवाहकाचा क्रमांक इमारतीवर मोठ्या अक्षरांत असावा, असे मला आग्रहाने वाटते. विरोध करणाऱ्यांनीही ‘नको’ असे लिहिण्याऐवजी या अटी निवेदनात लिहिल्या, तर महापालिकेला उत्तर द्यावे लागेल.

एक बाब मात्र या चर्चेत क्वचितच येते, ती पैशाची. केंद्राच्या ज्या अभियानातून निवाऱ्यांना निधी मिळत होता, त्याची मुदत २०२४ मध्ये संपली. त्यामुळे प्रस्तावित इमारतीवर फलक लागण्याआधी, रात्रपाळीच्या पगारासाठी, औषधांसाठी आणि स्वच्छतागृहांच्या देखभालीसाठी महापालिकेच्या अंदाजपत्रकात कोणत्या शीर्षाखाली किती रक्कम धरली आहे आणि ती किती वर्षांसाठी आहे, हे रहिवाशांनी विचारायला हवे, आणि बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्थांनीही त्यांच्याच शेजारी बसून तेच विचारायला हवे.